पानगळीचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावचं कब्रस्तान खाडीच्या वरच्या अंगाला, तांबड्या मातीच्या उतारावर आहे. जागा जेमतेम सव्वा एकर. वीस-बावीस वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून फुकट रोपं मिळाली, तेव्हा मोहल्ल्यातल्या तरुणांनी मोठ्या हौसेनं तिथं ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. झाड भराभर वाढलं. चार-पाच वर्षांत सावली आली, जनाजा घेऊन येणाऱ्यांना उन्हात उभं राहावं लागेना. सगळ्यांनी दुआ दिली.

मग पातेरा साठायला लागला. या झाडाचं पान कोयत्याच्या पात्यासारखं, जाड आणि चिवट. हिवाळा सरता सरता ते असं गळतं की जमीन दिसेनाशी होते. आंब्याचा पातेरा पावसाळ्यात कुजून जातो. हा मात्र एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाला भेटतो आणि त्यावर तिसऱ्या वर्षाचा चढतो. कोणाची कब्र कुठं हे पायानं चाचपून शोधावं लागतं. म्हणून दर वर्षी शब-ए-बारातच्या आधी कब्रस्तान साफ करायचं म्हणजे पातेऱ्याला काडी लावायची, अशी रीत पडून गेली.

२०२५ च्या फेब्रुवारीत वाऱ्यानं घात केला. आग कुंपण ओलांडून शेजारच्या बागेत गेली आणि मोहोरावर आलेली सात कलमं होरपळली. बागवाले काका आमच्या वडिलांच्या शाळेतले सोबती. ते फक्त एवढंच म्हणाले, "अरे, मला हाक तरी मारायची होती." नुकसानभरपाई त्यांनी घेतली नाही, पण त्या दिवसापासून त्यांचं आमच्याकडे येणं थांबलं. आणि अम्मीच्या कब्रीवर भाभींनी लावलेला, पाच वर्षं पाणी घालून जगवलेला सब्जा राख होऊन गेला.

भाईजान जमात कमिटीचे सदर. बैठकीत निम्मे लोक म्हणाले, सगळी झाडं तोडा. निम्मे म्हणाले, जाळायचंच, पण नीट राखण करून. निर्णय ईदनंतर घ्यायचं ठरलं.

ईदनंतर दोन आठवड्यांनी आम्ही दोघं, भाईजान आणि भाभी असे चौघं उत्तरेला निघालो. पिरान कलियरच्या जियारतीचा मन्नतीचा प्रवास होता, दोन वर्षं रेंगाळलेला. पातेऱ्याचा प्रश्न आम्ही सामानात भरलेला नव्हता. तो आपोआप बरोबर आला.

दिल्लीहून रेल्वेनं रुडकीला उतरलो. गावातून गंगेचा मोठा कालवा वाहतो. १८५४ साली तो सुरू झाला आणि आजही काठोकाठ भरलेला असतो. कोकणात एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो, त्यामुळे एवढं वाहतं पाणी बघून भाभी पुलावर बराच वेळ उभ्याच राहिल्या. कलियर तिथून सात-आठ किलोमीटर. हजरत अलाउद्दीन अली अहमद साबिर हे बाबा फरीद यांचे भाचे आणि खलिफा. उंबराची फांदी धरून ते वर्षानुवर्षे इबादतीत उभे राहिले आणि उंबराच्या फळावरच राहिले, असं तिथं सांगतात. त्या भागात उंबराला गूलर म्हणतात. आम्ही फातिहा पढली, जोहरची नमाज अदा केली आणि सावलीत बसलो. एक म्हातारे बाबा खराट्यानं पानं गोळा करत होते. भाईजाननी सहज विचारलं, "बाबा, ही पानं जाळता का?"

ते म्हणाले, "गूलरचं पान कशाला जाळायचं, बेटा? महिना-दोन महिन्यांत माती होतं ते. झाडाच्या बुंध्याशीच टाकतो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. उंबर तर आमच्या वाडीतही आहे. त्याचा पातेरा कधी साठलेला आम्हालाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं देहरादूनला निघालो. रुडकीहून छुटमलपूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतात सरळसोट झाडांच्या रांगा लागतात. जणू कोणी दोरी धरून लावलेल्या. हे पॉप्लर. मूळ अमेरिकेचं झाड, पण सहारनपूर, हरिद्वार, यमुनानगर या पट्ट्यात आता शेतकऱ्याचं नगदी पीक आहे. सहा-आठ वर्षांत तोडायला येतं आणि प्लायवूडच्या कारखान्यात जातं. रांगांच्या मधे पिकून पिवळा झालेला गहू उभा होता. झाडाखाली गहू कसा पिकतो, म्हणून आम्ही गाडी थांबवली.

बांधावरच्या शेतकऱ्यानं हसून सांगितलं की पॉप्लर थंडीत उघडा होतो. नोव्हेंबर-डिसेंबरात सगळी पानं टाकून देतो आणि गव्हाला ऊन हवं असतं तेव्हा वर नुसत्या काड्या राहतात. आता नवी पालवी फुटली तोवर गहू तयार.

"आणि पडलेली पानं?"

"ती शेतातच. पाणी मिळतं, नांगर फिरतो, मिसळून जातात. खत विकत कमी घ्यावं लागतं."

त्याच्या जमिनीवर जुन्या पानाचा मागमूस नव्हता. पान पातळ आणि जमिनीत ओल भरपूर, शिवाय वर्षातून दोनदा नांगर. भाईजान गप्प होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हणजे दोष पान गळण्यात नाही. गळलेलं पान पुढं सरकत नाही, तिथं अडचण आहे."

मोहंडच्या पुढं रस्ता शिवालिकच्या रांगेत शिरतो आणि सालाचं जंगल लागतं. हे लावलेलं नाही, मूळचं आहे. मार्च-एप्रिलात साल जुनं पान टाकतो आणि त्याच वेळी नवं घेतो, त्यामुळे तो कधी पुरता ओका होत नाही. खाली तपकिरी पानांचा जाड थर होता आणि आमच्या ड्रायव्हरनं त्यावर विडीचं थोटूक टाकणाऱ्या एका माणसाला भर रस्त्यात गाडी थांबवून सुनावलं. तिथल्या लोकांना एप्रिल ते जून हे महिने कसे जातात, याची आम्हाला पहिली कल्पना तेव्हा आली.

देहरादूनमध्ये वन अनुसंधान संस्थेची इमारत बघायला सगळेच जातात. १९२९ साली उद्घाटन झालेली लाल विटांची ही वास्तू एवढी लांबरुंद आहे की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसतो. आतल्या संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षं जगलेल्या देवदाराचा आडवा छेद ठेवला आहे. त्याच्या वर्तुळांवर बोट फिरवत भाभी म्हणाल्या, "साबिर पाक हयात होते, त्या जमान्याच्या आसपासचं झाड हे." खरंच की! दोन्ही गोष्टी एकाच शतकातल्या निघाल्या.

आमचं खरं काम झालं ते बाहेर, झाडांमध्ये. बाकावर डबा खायला बसलो असताना संशोधनाचं काम करणारी एक मुलगी शेजारी येऊन बसली. पिशवीत नायलॉनच्या जाळीच्या छोट्या थैल्या होत्या आणि थैल्यांत वाळकी पानं. आम्ही कुतूहलानं विचारलं. तिला आनंदच झाला. पानं का गोळा करतेस, असं तिला घरचेही विचारत नाहीत म्हणाली.

तिनं सांगितलेली रीत साधी आहे. लागवडीत ठिकठिकाणी एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा जाळीच्या चौकटी जमिनीपासून थोड्या उंचीवर ठेवायच्या. दर महिन्याला त्यात पडलेलं गोळा करायचं. पान वेगळं, काटकी वेगळी, फूल-फळ वेगळं. भट्टीत वाळवून तोलायचं. वर्षाची बेरीज केली की किती पडतं ते कळतं. चांगल्या वाढलेल्या लागवडीत हेक्टरी पाच-सात टन, कधी दहा टनांपर्यंत सुका पाचोळा पडतो आणि त्यातला मोठा वाटा पानांचाच. नव्या लागवडीत तो दर वर्षी वाढत जातो. शेंडे एकमेकांना भिडले, वर आकाश दिसेनासं झालं की मग साधारण स्थिर होतो.

आम्ही मनातल्या मनात गणित केलं. सव्वा एकर म्हणजे अर्धा हेक्टर. दर वर्षी अडीच-तीन टन! आणि आम्ही खराटा घेऊन निघालो होतो.

"पण अंकल," ती भाईजानना म्हणाली, "पडतं किती हा अर्धाच हिशेब आहे. जमिनीवर साठलंय किती, तेही तोलावं लागतं." तिनं वहीत आकडे मांडून दाखवले. समजा वर्षाला सहा टन पडतं आणि जमिनीवर कायम सहा टनच सापडतं. म्हणजे जेवढं येतं तेवढं वर्षभरात मातीत जातं. पण सहा टन पडून बारा टन साठलेलं दिसलं, तर एक पान माती व्हायला साधारण दोन वर्षं लागतात. भाभींनी लगेच ओळखलं. "घरखर्चासारखं आहे. पगार किती यावरून काय कळतं? महिनाअखेर घरात काय पडून राहतं ते बघावं लागतं."

त्या थैल्या कशासाठी तेही कळलं. ठरावीक वजनाची पानं थैलीत भरून पाचोळ्याखाली ठेवायची आणि दर महिन्याला एकेक थैली काढून तोलायची. उन्हाळ्यात वजन हलत नाही. जुलै ते सप्टेंबरात, ऊब आणि ओल एकत्र आली की भराभर उतरतं. बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं, सगळे कामाला लागतात. पान पातळ आणि नायट्रोजनयुक्त असेल तर ते लवकर संपवतात. जाड, चिवट, तुरट किंवा डिंकाचं असेल तर तोंड लावायला कुरकुरतात.

ऑस्ट्रेलियन बाभळीबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "ते पान नव्हेच खरं तर. पानाचा देठच रुंद होऊन पानासारखा झालेला असतो. म्हणून इतका चिवट." हे झाड मुळांच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं, पडीक जमीन सुधारावी म्हणून ते लावतात. पण पान सावकाश कुजत असल्यामुळे ते धन वरच्या थरात अडकून राहतं. आपण काडी लावली की त्यातला बहुतेक नायट्रोजन धुरात जातो. उरलेली राख पहिल्या पावसात उतारावरून खाली. "म्हणजे अंकल, झाड वर्षभर जमा करतं आणि तुम्ही एका दुपारी उधळून टाकता."

भाईजान हसले, पण ते वाक्य त्यांना लागलं. हिशेबाचा माणूस, आयुष्यभर सहकारी पतपेढीत काम केलेला. संध्याकाळी मगरिबनंतर म्हणाले, "झाडावरून पान गळतं तेही अल्लाहच्या इल्मबाहेर नाही, हे आपण मुलांना शिकवतो. मग त्या पानाचं आपण काय केलं, हेही विचारलं जाईल का?" कोणी उत्तर दिलं नाही.

तिसरा मुक्काम चंबा. ऋषिकेशहून नरेंद्रनगरमार्गे वर चढताना सालाचं जंगल मागं पडतं आणि उंचीवर चीड सुरू होतो. खोडावर खपल्याखपल्यांची जाड साल आणि तीन-तीनच्या जुडीतल्या वीतभर लांब सुया. चंबा गाव साधारण सोळाशे मीटर उंचीवर आहे. चौकात पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या गबरसिंग नेगी यांचं स्मारक आहे. आम्ही उतरलो तेव्हा हवा गार होती, पण समोरच्या डोंगरावर धुराची रेघ होती.

चिडाच्या वाळक्या सुयांना तिथं पिरूल म्हणतात. ऐन उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, त्या सगळ्यात जास्त गळतात. उतारावर तांबूस गालिचाच. त्यावर चालताना पाय सटकतो. सुईत राळ असते, त्यामुळे ती कुजायला तयार नसते आणि पेटायला एका पायावर तयार असते. खाली गवत येत नाही, दुसऱ्या झाडाचं बी मातीपर्यंत पोहोचत नाही. चिडाची स्वतःची साल जाड, त्यामुळे वणव्यात मोठी झाडं वाचतात आणि बाकीची रोपटी जातात. असं करत करत डोंगर एकट्या चिडाचा होत जातो. लाकूड आणि राळ मिळते म्हणून इंग्रजांच्या काळापासून वनखात्यानं चिडाला पुढं आणलं. १९२१ मध्ये जंगलावरच्या निर्बंधांना वैतागलेल्या कुमाऊँच्या लोकांनी चिडाची जंगलं पेटवली होती, ही तिथली जुनी कहाणी. आणि अलीकडची कहाणी जास्त दुःखाची. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळचा वणवा विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालमधून पाणी उचलत होतं. १३ जून २०२४ ला बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेली वनविभागाची चार माणसं जळून मेली. त्याच वर्षी राज्य सरकारनं लोकांकडून पिरूल विकत घेण्याची मोहीम जाहीर केली. त्यापासून विटा करून जाळायला वापरतात.

रस्त्याच्या वरच्या अंगाला एक बाई पाठीवर पिरूलचा भारा घेऊन उतरत होती. भाभींनी तिला पाणी दिलं. ती दगडावर बसली. पिरूल गोठ्यात गाईखाली अंथरायला नेते, असं तिनं सांगितलं. शेणामुतात भिजलं, खुरांनी तुडवलं की वर्षभरात त्याचं खत होतं. "नुसतं पिरूल टाकलं तर नातवंडं मोठी होतील, पण ते कुजणार नाही. त्याला सोबत लागते," ती म्हणाली. बांजाचं पान मात्र आपणहून माती होतं. बांज म्हणजे तिथला ओक. बांजाखालची जमीन मऊ असते, झरा टिकतो. पण बांज आता दूर राहिलाय, चढून जावं लागतं.

भाभींनी विचारलं, "मग हा चीड तोडून का टाकत नाहीत?"

बाई समोरच्या उताराकडे बघत म्हणाली, "आज तोडला तर पावसात डोंगर खाली येईल, दीदी. आधी खाली बांज उभा राहायला हवा. मग चीड जाईल."

परतीच्या रात्री रेल्वेत भाभी उशिरापर्यंत जाग्या होत्या. आम्हाला वाटलं, प्रवासाचा शीण. त्या हळूच म्हणाल्या, "अम्मी गेल्या तेव्हा कोरोनाचे दिवस होते. मला त्यांना गुस्लसुद्धा देता आला नाही. तो सब्जा तेवढा माझ्या हातचा होता." भाईजान वरच्या बर्थवर जागेच होते. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण सकाळी उठल्यावर डायरीत काही लिहीत बसले.

मे महिन्यातल्या एका जुम्याला बैठक झाली. भाईजाननी डायरी उघडून पाच कलमं वाचली. पहिलं, कब्रस्तानात काडी लावायची नाही. दुसरं, जानेवारीतच कुंपणाच्या आतून दहा हातांचा पट्टा साफ ठेवायचा, म्हणजे बाहेरून आली तरी आग आत येणार नाही आणि आतली बाहेर जाणार नाही. तिसरं, कब्री नाहीत त्या कोपऱ्यात खड्डे काढून पातेरा भरायचा, त्यावर शेणकाला आणि मातीचा थर, आणि पावसाच्या हवाली करायचा. चौथं, झाडं एकदम तोडायची नाहीत. दर वर्षी थोडी काढायची आणि त्यांच्या जागी करंज, जांभूळ, बकुळ, उंबर लावायचे. पाचवं, बागवाल्या काकांकडे माफी मागायला सगळ्या कमिटीनं जायचं.

चौथ्या कलमावर खूप वाद झाला. दोन माणसं उठून गेली. पाचव्यावर कोणी बोललं नाही.

काकांच्या अंगणात आम्ही बारा जण गेलो. त्यांनी चहा दिला. होरपळलेल्या सातांपैकी चार कलमांना फूट आली होती, ती त्यांनी स्वतः नेऊन दाखवली. खड्ड्यांची गोष्ट ऐकून म्हणाले, "शेण कुठून आणणार? मोहल्ल्यात गुरं राहिलीत कुठं?" ते खरंच आमच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी त्यांचा गडी दोन गाड्या शेण घेऊन कब्रस्तानाच्या फाटकाशी हजर. वर निरोप, की थोडा पातेरा मला कलमांच्या आळ्यांत घालायला ठेवा, ओल टिकते.

दिवाळीनंतर आम्ही पहिला खड्डा उघडला. खरं सांगायचं तर सगळं कुजलेलं नव्हतं. वरच्या हातभर थरात पानं नुसती काळी पडली होती, बोटानं ओढली तर फाटायची, एवढंच. पण खाली, शेण जिथं नीट पोहोचलं होतं तिथं, चहाच्या चोथ्यासारखी काळी, मऊ माती निघाली. तिला पहिल्या पावसानंतरच्या रानाचा वास होता. पुढच्या वर्षी पातेरा आधी कुटून घ्यायचा आणि थर पातळ ठेवायचे, असं ठरलं. झाडं किती आणि कधी काढायची, हा वाद अजून मिटलेला नाही. दोघांपैकी एक जण बैठकीला पुन्हा येऊ लागला आहे.

भाभींनी त्या मातीची एक पाटी भरून घेतली. अम्मीच्या कब्रीच्या उशाशी पसरली आणि सब्जाचं बी पेरलं. गेल्या जुम्याला फातिहा पढायला गेलो, तेव्हा दोन-दोन पानांचे अंकुर वर आले होते. बाजूला बाभळीची तीन-चार ताजी पानं पडली होती. भाभींनी ती उचलून ओट्यात घेतली आणि फाटकातून बाहेर पडताना खड्ड्यात टाकली.